धंद्यासाठी प्रीमियम ट्रॅव्हल कार्ड घेताय? या चुका टाळा

विमानतळावरची लाउंज किती आणि पॉइंट किती, हे आधी विचारू नका. आधी गेल्या वर्षभराचं बँक स्टेटमेंट काढा. छोट्या धंद्याचा पैसा जातो कुठे? जीएसटीचं चलन, गाळ्याचं भाडं, डिझेल, विमा, वीजबिल. नेमक्या याच खर्चांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा हात आखडता घेतात. कार्ड विकणारा मात्र "वर्षाला पंधरा लाखांचा खर्च? मग पंधरा लाखांवर पॉइंट!" असा गुणाकार फोनवरच करून दाखवतो. मी वहीत दोन रकाने पाडतो: पॉइंट मिळणारा खर्च आणि न मिळणारा. पहिला रकाना बऱ्याचदा चार-पाच ओळींत आटोपतो. अशा धंद्याने दहा-बारा हजार फी आणि वर १८ टक्के जीएसटी कशाला भरायचा?

माझ्या डोक्यात जाणारी खरी चूक म्हणजे माइलस्टोनसाठी, म्हणजे खर्चाचा ठरावीक टप्पा गाठून बक्षीस मिळवण्यासाठी, खर्च ओढूनताणून वाढवणं. भोसरीत जॉबवर्क करणारे एक भाऊ आहेत. मार्चअखेर टप्पा गाठायला त्यांना दोन लाख कमी पडत होते. टप्पा गाठला की दहा हजारांचं ट्रॅव्हल व्हाउचर. "माल पुढे लागणारच आहे" म्हणून त्यांनी स्टील आधीच उचललं आणि कार्ड स्वाइप केलं. पुरवठादाराने कार्डाचे दोन टक्के वर लावले, म्हणजे चार हजार तिथेच गेले. पार्टीचं पेमेंट एप्रिलमध्ये यायचं ते जूनमध्ये आलं. तोवर भाऊ 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरत राहिले. त्यांच्या कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.७५ टक्के. दोन लाखांवर ७,५०० रुपये व्याज आणि त्यावर १,३५० रुपये जीएसटी, म्हणजे महिन्याला पावणेनऊ हजारांच्या वर. शिवाय थकबाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्यामुळे त्या काळातली किरकोळ खरेदीसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजात गेली. मी सगळं मांडून दाखवलं, तर म्हणतात, "पण व्हाउचर तर मिळालं ना!"

तेव्हापासून पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावायची तयारी नसेल, तर मी कोणाच्या कार्डाच्या फॉर्मला हात लावत नाही. चिडतात, चिडू देत.

पॉइंट साठवणाऱ्यांचंही नवल वाटतं. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर ५ पॉइंटांचे ४ माइल्स (विमान कंपनीचे पॉइंट, ज्यांवर तिकीट काढता येतं) मिळायचे, ते १ सप्टेंबर २०२३ पासून २ झाले. लाखभर पॉइंट धरून बसलेल्याचे ८०,००० माइल्स एका फटक्यात ४०,००० वर आले. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या नावाच्या कार्डांचंही दुकान आवरलं. पॉइंट म्हणजे एफडी नव्हे. तिकीट काढा आणि मोकळे व्हा.

परदेशी प्रदर्शनाला गेलात आणि मशीनने "रुपयांत घेऊ का?" विचारलं, तर नाही म्हणा. तिथल्याच चलनात भरा. परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो ३.५ टक्के मार्कअप जीएसटी धरून ४.१३ टक्के पडतो, तो कार्ड निवडतानाच बघायचा.

लाउंज "फ्री" असतं, पण आता अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच.

घरचा किराणा त्याच कार्डावर नको. का, ते तुमच्या सीएला विचारा. तो तासभर बोलेल.

आणि बँकेच्या पोर्टलवर जादा पॉइंट मिळतात म्हणून तिकीट काढताना जीएसटी नंबरची चौकट रिकामी सोडू नका. बिझनेस क्लासवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. धंद्याच्या प्रवासावर त्याचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळता होतो, पण इन्व्हॉइसवर तुमचा नंबर हवा. कंपोझिशनवाल्यांचा, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्यांचा, हा प्रश्नच नाही; त्यांना हे क्रेडिट मिळत नाही. बाकीच्यांनी तिकिटाचे पैसे भरण्याआधी तो पंधरा अंकी-अक्षरी नंबर टाकावा. प्रवास करून आल्यावर "आता घालता येईल का?" असा फोन मला करू नये.