ट्रेकसाठी कडधान्यं घरीच शिजवून वाळवा

पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, तेव्हा सोबत कच्चा अख्खा मसूर होता. तासभर स्टोव्ह जळला, गॅसचा डबा संपत आला, तरी दाणा दाताखाली कचकचतच होता. तेव्हापासून कच्चं कडधान्य सॅकमध्ये जात नाही. उंची वाढते तसा पाण्याचा उत्कलनबिंदू दर 300 मीटरला साधारण एक अंशाने उतरतो. सह्याद्रीत फरक थोडाच पडतो, पण हिमालयात 3,500 मीटरवरच्या कॅम्पला पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे कुकरशिवाय राजमा शिजायची वाट बघू नका.

म्हणून सगळं शिजवणं घरी, डोंगरावर फक्त भिजवणं आणि गरम करणं.

मटकी, मूग, चवळी, मसूर यांपासून सुरुवात करा. दाणा लहान, त्यामुळे लवकर वाळतो आणि लवकर फुलतो. रात्रभर भिजवा, सकाळी पाणी टाकून द्या आणि कुकरमध्ये मऊ शिजवा. मटकी-मुगाला मोड आलेले असतील तर एक शिट्टी पुरते. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे, पण लगदा नको. राजमा मात्र पूर्ण शिजलेलाच हवा, कारण अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. तेलाची फोडणी आत्ता देऊ नका, तेल खवट होतं.

आता वाळवण. पाणी पूर्ण निथळून दाणे ताटात एका थरात पसरा. ओव्हन किंवा डिहायड्रेटर (अन्न वाळवायचं यंत्र) असेल तर 60 अंशांवर सहा ते आठ तास ठेवा, मधूनमधून हलवा. ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर वाफ आतच कोंडते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात गच्चीवर मलमलचं कापड झाकूनही होतं, पण संध्याकाळी दाणे ओलसर वाटले तर रात्रभर तसेच ठेवू नका, ओव्हनमध्ये संपवा. शिजलेलं कडधान्य फार लवकर आंबतं. पावसाळ्यात उन्हाचा नाद सोडा.

नीट वाळलेली मटकी ताटावर सोडली की खडखड वाजते. सालं तडकलेली असतात, दाणा मधोमध उलगडलेला. त्याच फटीतून पुढे पाणी झटकन आत जातं. गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरून चार-पाच दिवस बघा, रोज एकदा हलवा. आतून ओलावा धरलेला दिसला तर पुन्हा वाळवा.

मग एकेका जेवणाच्या पुड्या करा. माणशी मूठभर कडधान्य, वेगळ्या पुडीत गोडा मसाला, तिखट, मीठ, वाळवलेला कांदा, दोन आमसुलं आणि गुळाचा खडा. आमसूल विसरू नका, दिवसभर घाम गाळल्यावर त्या आंबटपणाने जिभेला चव येते.

मुक्कामाला पोचायच्या तासभर आधी कडधान्य घट्ट झाकणाच्या डब्यात घालून दीडपट पाणी ओता आणि चालत राहा. उन्हाळ्यात गडावरच्या पाण्याच्या टाक्यांवर भरवसा ठेवू नका, हे पाणी घरूनच हिशोबात धरा. पोचल्यावर थोडं तेल, मोहरी, हिंग, मग भिजलेलं कडधान्य त्याच पाण्यासकट आणि पुडीतला मसाला. दहा मिनिटं उकळलं की उसळ तयार. बरोबर भाकरी असेल तर ती त्याच स्टोव्हवर शेकून घ्या.