मोटरहोममागे कार जोडताय? या चुका टाळा

दापोलीजवळ मुक्काम पडलाय. पाण्याची टाकी भरली, छत्री उघडली, खुर्च्या मांडल्या. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला जायचं ठरतं आणि लक्षात येतं की त्यासाठी अख्खं बिऱ्हाड हलवावं लागणार. पुण्यातून मोटरहोम घेऊन निघणाऱ्या बहुतेकांना ही अडचण कधी ना कधी येते. मग रात्री यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले जातात. त्यांत बसएवढ्या घरगाडीमागे चार चाकांवर धावणारी छोटी कार दिसते आणि सकाळी भोसरीतल्या फॅब्रिकेटरला फोन जातो.

तो फोन करायच्या आधी हे वाचा.

तिकडे चालतं, म्हणून इथेही चालेल असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अमेरिकेत अशी जोडगाडी रोजचं दृश्य आहे. ब्रिटनमध्ये मात्र टो-बारने, म्हणजे दोन गाड्यांमधल्या पक्क्या दांड्याने, जोडलेली कार सरकारच्या लेखी ट्रेलरच ठरते आणि ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे चालू ब्रेक लागतात. म्हणजे तिकडेही मनाला येईल तसं कोणी काही जोडत नाही.

आपल्याकडचा नियम याहून कडक आहे. १९८९ च्या रस्ता-नियमांनी कोणत्या गोष्टी ओढता येतात ते स्पष्ट लिहिलं: नादुरुस्त वाहन, अर्धवट बांधणीचं वाहन, नोंदणी झालेला ट्रेलर आणि साइडकार. नादुरुस्त गाडीही जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंतच. २०१७ मध्ये नवे वाहनचालन विनियम आले, पण मूळ धोरण बदललं नाही. धडधाकट कार केवळ सोय म्हणून मागे बांधून कोकणात न्यायला या यादीत जागाच नाही.

जुन्या नियमातल्या अटी वाचल्या की या मुभेमागचा हेतू कळतो. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक माणूस स्टिअरिंगवर बसलेला हवा, नाहीतर तिची पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. मागे पांढऱ्या पाटीवर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेलं हवं. आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. या वेगाने ताम्हिणीमार्गे दापोली गाठायची म्हटली तर न थांबता सात-आठ तास स्टिअरिंगवर. मुभा आहे ती संकटातल्या गाडीला गॅरेजपर्यंत पोचवण्यापुरती. सहलीचा विचार ती लिहिणाऱ्यांच्या डोक्यात नव्हता.

“विचारलं तर बंद पडलीय म्हणून सांगू” हा उपायही हमखास ऐकायला मिळतो. पक्का टो-बार, वायरिंग करून जोडलेले मागचे दिवे, कॅरिअरवर बांधलेली सायकल, आणि गाडी म्हणे आत्ताच बंद पडली! पोलिसांनी सोडलंच, तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर सोडणार नाही.

हूक वेल्ड करून घेणं

मोटरहोम म्हणजे नुसती आतून सजवलेली व्हॅन नव्हे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. गाडीला मंजुरी मिळते ती चाचणीला दिली त्या रूपात आणि आरसीवरही तेच रूप उतरतं. चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था कोथरूडच्या टेकडीवरच आहे, त्यामुळे पुणेकराला ‘हे कुठे विचारायचं’ ही सबब नाही. पासिंग झाल्यावर चासीला हूक जोडणं म्हणजे मंजूर गाडीत फेरफार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फेरफारांना आळा घालतं. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

ट्रेलर ओढायचाच असेल तर ती गोष्ट मोटरहोम बांधायला देतानाच, करार होण्याआधी काढा. बांधणाऱ्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: मूळ चासीच्या उत्पादकाने ओढण्याची क्षमता दिली आहे का, आणि ती मंजुरीच्या कागदात आली आहे का. “होऊन जाईल साहेब” हे उत्तर मिळालं, तर नाही असंच समजा.

ट्रेलरवर चढवली की सुटलो, हा समज

कार ट्रेलरवर चढवली की ती सामान होते आणि ट्रेलर वाहन होतो. कायद्याच्या दृष्टीने हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग. पण मग ट्रेलरला स्वतःची मंजुरी, स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा विमा लागतो. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचा नंबर ठरलेल्या जागी बाजूला आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणाऱ्याकडून हौसेने करून घेतलेला सांगाडा या कशातच बसत नाही. संगम पुलाजवळच्या आरटीओत त्याचं पासिंग मागायला गेलात तर पहिला प्रश्न मंजुरीच्या कागदाचाच येईल.

त्यात वजन. छोटी हॅचबॅक रिकामी असतानाच पाऊण ते एक टन भरते, ट्रेलरचे आणखी काहीशे किलो. म्हणजे एक टनाच्या पुढची गोष्ट झाली. इकडे मोटरहोममध्ये दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. शिवाय बॅटऱ्या, एसी, सिलिंडर, गाद्या, माणसं. आरसीवरच्या एकूण वजनाच्या आकड्यात किती जागा उरली हे अंदाजाने ठरवू नका. टाक्या भरा, घरच्यांना बसवा आणि गाडी वजनकाट्यावर घाला. पुष्कळदा कार सोडाच, जास्तीचं सामान टाकायलाही जागा नाही हे तिथेच कळतं.

इंजिन ओढतंय ना, मग झालं!

ओढणं सोपं असतं, थांबवणं अवघड. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुण्याच्या प्रत्येक चालकाला माहीत आहे. ब्रेक निकामी होऊन झालेले तिथले अपघात आपण वर्तमानपत्रात वाचत आलोय. मागच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर त्याचा सगळा रेटा मोटरहोमच्या ब्रेकवर येतो. लांब उतारावर पाय दाबून धरला की ब्रेक तापतात, पकड कमी होते, जळका वास येतो. वास येईपर्यंत वाट पाहू नका. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, इंजिनाला रोखू द्या, ब्रेक थोडा थोडा मारा. न्यूट्रलवर उतरणं म्हणजे मरण ओढवून घेणं.

ट्रेलर मागे डावी-उजवीकडे झोल खाऊ लागला, तर बहुधा वजन फार मागे पडलंय. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हूकवर यावा, म्हणून कार थोडी पुढे घेऊन बांधतात. झोल सुरू झाल्यावर जोरात ब्रेक मारणं आणि स्टिअरिंगने तो सावरायला जाणं, दोन्ही घातक. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप पडू द्या.

खरंच कार बंद पडली आणि टोचन करून न्यायची वेळ आली, तर

दोन कुटुंबं दोन गाड्यांतून निघालीत, मागची कार पानशेतच्या रस्त्यावर बंद पडली आणि जवळ फक्त मोटरहोम आहे. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, पण गाडीची वाट लावायला पुष्कळ वाव आहे.

आधी गिअरबॉक्स. साधी मॅन्युअल, पुढच्या चाकांवर चालणारी कार न्यूट्रलमध्ये थोडं अंतर ओढता येते. ऑटोमॅटिकचं तसं नाही. तिच्यातलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलाविना घासताहेत. सीव्हीटी या बिनपायऱ्यांच्या ऑटोमॅटिकलाही हेच लागू. एएमटी, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स पण गिअर आपोआप बदलणारी कार, बंद पडताना गिअरमध्येच अडकलेली असू शकते, तेव्हा ओढण्याआधी हाताने ढकलून चाकं मोकळी फिरतात का पाहा. इलेक्ट्रिक कारची चाकं रस्त्यावर फिरली की मोटर उलटी वीज तयार करू लागते. तिला थेट फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी कार पाठीवर घेणारा ट्रक, बोलवा, जुगाड नको.

स्टिअरिंग लॉक विसरणं ही नेहमीची चूक. किल्ली काढली की लॉक बसतं आणि पहिल्याच वळणावर कार सरळ जाते. किल्ली फिरवून ठेवा. बटणाच्या गाड्यांत बॅटरी उतरली तर बऱ्याचदा लॉक सुटतच नाही.

मागच्या कारमध्ये बसणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन बंद असताना एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड लागतं. अनुभवी माणूस बसवा, नुकतं लायसन्स काढलेल्या पोराला नको. दोर बांधायचा तो कंपनीने दिलेल्या टो-हूकलाच. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला बांधलेला दोर बंपरसकट येतो. दोर कधी ढिला पडू देऊ नका, झटक्यानेच तो तुटतो. आणि जोडलेल्या अवस्थेत रिव्हर्स घेऊच नका. दोर असेल तर मागच्या कारला धडकाल, टो-बार असेल तर तो वाकेल.

राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर हे काही करू नका. गाडी कडेला घ्या, त्रिकोण ठेवा, माणसं रेलिंगपलीकडे उभी करा आणि १०३३ ला फोन लावा.

विमा

मालवाहू वाहनांच्या प्रमाणित पॉलिसीत ट्रेलर ओढताना झालेला वापर वगळलेला असतो. अपवाद एका बंद पडलेल्या वाहनाला मोबदला न घेता ओढण्याचा. तुमच्या मोटरहोमची पॉलिसी वेगळी असू शकते, तेव्हा तिच्यातलं ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम वाचा. एजंटचं तोंडी आश्वासन क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

मग हर्णैला जायचं कसं?

माझं मत विचाराल तर ट्रेलरचा नाद सोडा. घरात दुसरं लायसन्स असेल तर छोटी कार कोणीतरी मागून चालवत आणावी. डिझेल जास्त जातं खरं, पण घाटात दोन्ही गाड्या स्वतःच्या ब्रेकवर असतात आणि एक बंद पडली तर दुसरी हाताशी असते. दोनच माणसं असाल तर मागच्या रॅकवर सायकली ठेवा. मात्र रॅकमुळे नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत हे आधी पाहा, कारण पावती बहुतेक त्याचीच फाटते. आणि मुक्कामाची जागा ठरवताना समुद्राच्या देखाव्याआधी एवढंच विचारा की गावातली रिक्षा तिथपर्यंत येते का.