एसएसीडीत आवाज डावीकडे, डीव्हीडी-ऑडिओत मध्ये: माझा अनुभव
एकाच अल्बमच्या एसएसीडीत (सुपर ऑडिओ सीडी) गायकाचा आवाज किंचित डावीकडे यायचा, डीव्हीडी-ऑडिओत (डीव्हीडीवरचं उच्च दर्जाचं ऑडिओ स्वरूप) बरोबर मध्ये. दोन्हींचं मास्टर, म्हणजे ज्यावरून डिस्क बनते ते अंतिम रेकॉर्डिंग, एकच आहे का हे पाहायचं होतं. एका ट्रॅकची लहर उलटी (वरचं खाली) करून दुसऱ्यात मिसळली, की सारखी रेकॉर्डिंग एकमेकांना खोडतात; इथे मात्र गाणं मागे उरायचंच. कानाने पातळी जुळवली, मग पूर्ण स्टिरिओची सरासरी जुळवली, उपयोग नाही. फार वैताग आला.

जमलं ते असं. आधी दोन्ही फाइली 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर आणल्या. मग दोन्हींवर 20 किलोहर्ट्झचा एकच लो-पास फिल्टर (त्याच्या वरचे स्वर कापणारा). ही पायरी गाळू नका: डीएसडीत (एसएसीडीवरच्या एक-बिट स्वरूपात) 20 किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात बराच गोंगाट ढकललेला असतो, तो ऐकू येत नाही पण मोजमाप बिघडवतो. नंतर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरमध्ये ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ (डावा-उजवा चॅनेल वेगळा करणं), आणि झूम करून ड्रमचा एक ठोका सॅम्पलपर्यंत जुळवला. आता डाव्याची डाव्याशी, उजव्याची उजव्याशी आरएमएस (एक प्रकारची सरासरी) पातळी ताडून पाहिली. एसएसीडीचा डावा चॅनेल 6 डेसिबलने कमी (डीएसडीच्या रूपांतरात हे नेहमीचं), उजवा मात्र 6.8ने! प्रत्येकाला त्याचा त्याचा गेन (पातळीतली वाढ) दिला, मग एसएसीडीचे ट्रॅक ‘इन्व्हर्ट’, मग डाव्या-उजव्या जोड्यांचं वेगवेगळं ‘मिक्स अँड रेंडर’ (एकत्र मिसळणं). उरली बारीक खरखर. मास्टर एकच, फक्त तोल वेगळा.

एवढं करूनही गाणं उरलं आणि ते पुढे पुढे वाढत गेलं, तर दोन्हींचा वेग वेगळा आहे. तिथे गेनचा उपयोग नाही.