बेळगावात बियाण्याच्या कामाला येताय?

परभणीहून बेळगावात येऊन मला तेवीस वर्षं झाली. दर जूनला पीकपैदाशीचं शिक्षण संपवलेलं कुणीतरी दारात येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: "इथं मराठी चालते ना?" चालते. शहापूर, वडगाव, टिळकवाडीत खोली घ्या, दूधवाल्यापासून घरमालकिणीपर्यंत सगळं मराठीत निभेल. "जेवलासा काय?" असं रस्त्यात कुणी विचारलं तर ते जेवणाचं आमंत्रण समजू नका, तो नमस्कार आहे. पण आपलं काम खोलीत कुठं असतं? ते शिवारात, आणि शिवार गावागणिक भाषा बदलतं.

पहिल्या वर्षी बैलहोंगलकडचा एक शेतकरी मला म्हणाला, "मळे इल्ल री." मी वहीत लिहिलं, मळा नाही, म्हणजे कोरडवाहू. मागे त्याची विहीर दिसत होती तरी लिहिलं! कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. त्याच आठवड्यात कन्नड बाराखडीचं पुस्तक आणलं. तुम्ही येण्याआधीच आणा. भत्त म्हणजे भात, कब्बू म्हणजे ऊस, जोळ म्हणजे ज्वारी, तोगरी म्हणजे तूर. आणि वाक्याच्या शेवटी 'री' लावलं की मान दिला जातो. सातबारा मागू नका, इथं उतारा किंवा पहणी म्हणतात. आपल्याकडं कृषी सहायकाला गाठतो, तसं इथं रैत संपर्क केंद्रात जायचं. कागद सगळे कन्नडमध्ये. एकर-गुंठ्याचा हिशोब तेवढा तोच.

आता माझी खरी फजिती सांगते. खानापूर तालुक्यात जुन्या भातांचे नमुने गोळा करत होते. एका वाडीत 'तांबडं भात' मिळालं, पलीकडच्या गावात 'केंपु भत्त'. दोन नावं, दोन पाकिटं, दोन नोंदी. डीएनएचे मार्कर, म्हणजे वाण ओळखायच्या खुणा, लावले तर दोन्ही जुळ्यासारखी सारखीच निघाली. मी पुन्हा नमुने काढले, रसायनांवर शंका घेतली, मदतनीस पोरावर उगाच चिडले. शेवटी चहा घेऊन आलेल्या बाईंनी विचारलं, "मॅडम, केंपु म्हणजे तांबडंच की!" दोन महिने गेले त्यात.

उलटंही होतं. 'बासमती' म्हणून तीन गावांतून घेतलेलं बियाणं तीन वेगळ्या वाणांचं निघालं. उत्तरेकडच्या बासमतीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव बसत नाही. तरी इथला सुवासिक तांदूळ पिढ्यान् पिढ्या त्याच नावानं विकला जातो. वासाची परीक्षा एका पानावर होते. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर बीएडीएच२ नावाचं जनुक असतं. ते धड असेल तर वास धरत नाही; त्यातली डीएनएची आठ अक्षरं गळून ते मोडलं की सुगंधी द्रव्य साठतं. बहुतेक सुवासिक भातांत हीच मोडतोड सापडते. म्हणून नाव आधी दोन्ही भाषांत विचारा, कुणाकडून बी आलं ते विचारा, मग पान तोडा. पान ओलं पिशवीत घालू नका. खानापूरच्या पावसात संध्याकाळपर्यंत त्याला बुरशी येते. ओल शोषणारं सिलिका जेल सोबत ठेवा.

जिल्हा एकच, पण कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथं पावसानं छत्री टिकत नाही, आणि अथणीकडं लोक ढगांची वाट बघतात. त्यामुळं एका ठिकाणी पहिला आलेला वाण दुसरीकडं आपटतो. चाचणीचे प्लॉट सोयीसाठी शहराजवळ लावण्याचा मोह होतो. मी केलंय ते. निकाल छान येतात, उपयोग शून्य.

नोकरीचं म्हणाल तर उसासाठी संकेश्वरचं संशोधन केंद्र, गणेशपूर रस्त्यावर निजलिंगप्पा साखर संस्था, बागायतीसाठी अरभावीचं कॉलेज. धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळच. कापसाचा वरलक्ष्मी हा संकरित वाण १९७२ साली धारवाडातच तयार झाला. जीनोमचं, म्हणजे पिकाचा सगळा डीएनए वाचायचं, काम करायचं असेल तर ऊस निवडताना छाती घट्ट ठेवा. भाताचा जीनोम २००५ सालीच वाचून झाला. उसात शंभराहून अधिक गुणसूत्रं, त्यात दोन जातींची सरमिसळ, म्हणून त्याचा नीट संदर्भ-जीनोम, म्हणजे ताडून बघायची प्रमाण प्रत, यायला २०२४ उजाडलं. इकडं शेतकरी मात्र को ८६०३२ हा उसाचा जुना वाण सोडायला तयार नाही, आणि कृष्णाकाठची जमीन जादा पाण्यानं चोपण, म्हणजे क्षार साचून नापीक, होत चाललीय. कन्नडमध्ये तिला सवळु म्हणतात. कमी पाण्यात, खारट मातीत तग धरणारा ऊस हवाय. पंधरा वर्षं लागतील असं प्रामाणिकपणे सांगा. गावकरी हसतील, पण पुढच्या वेळी बसायला घोंगडी टाकतील.

राजकारणाचं विचाराल तर १ नोव्हेंबरला शहरात एकीकडं राज्योत्सव, दुसरीकडं काळा दिन असतो. त्या दिवशी शिवारफेरी ठेवू नका. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की लॉज मिळत नाहीत, बाहेरचे पाहुणे शास्त्रज्ञ तेव्हा बोलावू नका. बोलावलेच तर माझ्याकडं दोन गाद्या आहेत.