कंपनी होल्स्टर देत नाही? मग कोल्हापुरात असं शिवून घ्या

रिव्हॉल्व्हरचं लायसन आहे, पण कमरेला लावायचं होल्स्टर, म्हणजे बंदूक ठेवायचं म्यान, ते बनवणारी कंपनी आपल्याला विकत नाही, असे फोन मला आता वरचेवर येतात. गुजरीतले सराफ, हुपरीचे चांदीवाले, सैन्यातून निवृत्त झालेले गडहिंग्लज-चंदगडकडचे लोक. तक्रार एकच: ऑर्डर टाकली की समोरून पोलिस किंवा सैन्य खात्याचं ओळखपत्र मागतात, ते नसेल तर पैसे परत. मी सुभाषनगरात चामड्याचं काम करतो. घरचा धंदा चपलांचा, पट्टे आणि होल्स्टर मी वाढवले. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी कायद्याचं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) न्यायची तर ती होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच केलेल्या पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. पँटीत खोचून किंवा गाडीच्या डिकीत टाकून फिरायचं नाही. होल्स्टर विकत घ्यायला मात्र वेगळा परवाना लागत नाही. कंपनीची अट ही त्या कंपनीची स्वतःची अट आहे. गणवेशावर लागणारं साहित्य तोतयांच्या हाती जाऊ नये, ही त्यांची भीती मला पटते. पण नागाळा पार्कातल्या कलेक्टर कचेरीतून पोलिस चौकशी होऊन ज्याला लायसन मिळालं, त्याला साधं झाकणाचं होल्स्टरही नाकारायचं, हे मला अजिबात पटत नाही. कायदा म्हणतो झाकून न्या, आणि दुकान म्हणतं झाकायचं साधन देणार नाही. मग माणसं बाजारातलं मिळेल ते ढगळ कापडी पाकीट घेतात, आणि अपघात तिथंच होतात.

तरीही आधी कंपनीला लेखी विचारा की लायसनच्या प्रतीवर माल देता का. काही जण देतात. प्रत पाठवताना तिच्यावर आडवं लिहा, ‘फक्त होल्स्टर खरेदीसाठी’, खाली तारीख आणि सही. पोलिसात असलेल्या मेव्हण्याचं ओळखपत्र वापरून मागवू नका. उद्या काही झालं तर त्याची नोकरी जाईल आणि तुमचं लायसन. शिवाय खात्यासाठीची बरीच होल्स्टर उघडी असतात, मूठ बाहेर दिसते. आपल्याला झाकलेलं लागतं, म्हणजे ते मिळालं तरी आपल्या उपयोगाचं नाही.

आता शिवून घ्यायचं कसं ते सांगतो. बंदूक माझ्याकडं किंवा कुठल्याही कारागिराकडं आणू नका. आमच्याकडं लायसन नाही, आमच्या हातात ती देणं हाच गुन्हा होईल. त्याऐवजी घरी, दार लावून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून ती रिकामी करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, पुन्हा एकदा तपासा. मग जाड कागदावर आडवी ठेवून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढा. व्हर्नियरनं (बारीक मापाच्या पट्टीनं) जाडी मोजा: नळीची, सिलिंडरची (काडतुसं बसतात त्या गोल भागाची), मुठीची. ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीचं कडं, कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो त्या खुणा त्याच कागदावर करा. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर असेल तर ते वरून मोडून उघडतं, म्हणून मागच्या लॅचची (खिट्टीची) जागाही दाखवा. तिथं चामड्याचा दाब येता कामा नये.

हा कागद घेऊन उद्यमनगरात जा. फाउंड्रीसाठी (धातूच्या ओतकामासाठी) लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, करणारे कारागीर तिथं आहेत, मिलिमीटरचं काम हा त्यांच्या हातचा मळ. त्यांच्याकडून साध्या लाकडाचा ठोकळा करून घ्या. रंग देऊ नका, हुबेहूब दिसण्याची गरज नाही, फक्त मापं बरोबर हवीत. तो ठोकळा पिशवीत घालून आमच्याकडं आणा.

चामडं निवडताना कडेला बघा. कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसली तर ते सालीनं कमावलेलं. आमच्या चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, तेच होल्स्टरला चांगलं. कड मधोमध निळसर-करडी दिसली तर ते क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं. बॅगेला ते छान, पण भिजवून साच्यावर बसवलं तरी आकार धरत नाही, आणि त्यातले क्षार पोलादाला गंज आणतात. जाडी तीन ते चार मिलिमीटर घ्या. मी तुकडा कोमट पाण्यात भिजवतो, ठोकळ्यावर ओढतो आणि गुळगुळीत लाकडी दांडीनं ट्रिगर गार्डची कड दाबून दाबून उठवतो. ही कड हाताला लागली पाहिजे. बंदूक होल्स्टरमध्ये अडकून राहते ती इथंच. मग सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं की चामडं तडकतं.

टाका दोन सुयांचा, मेण लावलेल्या दोऱ्याचा मागा. मशिनचा टाका एका जागी तुटला की उसवत जातो, दोन सुयांचा तसा जात नाही.

तोंडाबद्दल हट्ट धरा. बंदूक काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटता कामा नये, म्हणून तिथं चामड्याची आणखी एक पट्टी शिवून घ्या. तोंड मऊ पडलं की बंदूक परत घालताना ते आत दुमडतं, दुमडलेलं चामडं ट्रिगरवर येतं आणि गोळी सुटते. जुनं, लोळागोळा झालेलं होल्स्टर ‘अजून चालतंय’ म्हणून वापरणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ते टाकून द्या. ट्रिगर गार्ड सगळा झाकलेला हवा, वरून झाकण, झाकणाला घट्ट टिचबटण. पट्टा दीड इंच रुंद आणि दुहेरी चामड्याचा घ्या. पातळ पट्ट्यावर वजन लोंबतं.

होल्स्टर हातात आलं की रिकामी बंदूक घालून घरातच तपासा. झाकण उघडं ठेवून, खाली गादी असेल तिथं उलटं धरून हलवा. घसरली तर परत करा, कारागिरानं ते दुरुस्त करून द्यायला हवं. खुर्चीत बसा, मोटारसायकलवर बसल्यासारखं वाका, शर्ट वर सरकतो का ते घरच्या कुणाला तरी बघायला सांगा.

रात्री बंदूक होल्स्टरमध्ये ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि सिलिंडरवर गंजाचे ठिपके येतात. बंदूक कोरडी पुसून कुलपात, होल्स्टर वेगळं, हवेशीर जागी.

आणि लायसनवर क्षेत्र काय लिहिलंय ते आजच बघा. फक्त महाराष्ट्र असेल तर कागल सोडून कोगनोळीचा नाका गाठला की तुम्ही कर्नाटकात आहात, आणि होल्स्टर कितीही चांगलं असलं तरी निपाणीच्या बाजाराला ती बंदूक घेऊन जाता येत नाही. क्षेत्र वाढवून हवं असेल तर कलेक्टर कचेरीत कारण लिहून अर्ज करावा लागतो. निवडणुकीत बंदूक जमा करायचा आदेश आला तर ठाण्यातली पावती लायसनसोबतच ठेवा.