द्राक्ष हंगामात घरातच वाढवावा खाण्याचा हिरवा पाला: नाशिक परिसरासाठी हिवाळी सल्ला

नाशिक, निफाड आणि दिंडोरीच्या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांवर डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी वारंवार फवारण्या कराव्या लागतात, आणि ज्यांचे घर बागेतच आहे त्यांच्या परसातील कोथिंबीर-मेथीवर त्या औषधांचे तुषार वाऱ्याबरोबर येऊन पडतात. द्राक्षासाठी काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये सोडायचे दिवस, काटेकोरपणे पाळला जातो. रोज खुडल्या जाणाऱ्या घरच्या पाल्यासाठी मात्र असे दिवस सहसा कोणी मोजत नाही. म्हणून छाटणीपासून काढणीपर्यंत हा पाला घराच्या आत, खिडकीशी वाढवावा, अशी आग्रहाची शिफारस आहे. फवारणी चालू असताना ती खिडकी बंद ठेवावी.

डिसेंबरमध्ये नाशिकला भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४६ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आत येते. निदान चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडावी. रोपे लांबट व पिवळसर होऊन काचेकडे झुकू लागली, तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे. तेथे खत वाढवून उपयोग होत नाही. पांढऱ्या प्रकाशाची २० वॅटची एलईडी ट्यूब शेंड्यांच्या वर १५ ते २० सेंटीमीटरवर टांगून रोज १२ ते १४ तास चालू ठेवल्यास उणीव बरीचशी भरून निघते.

ट्रेसाठी धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग आणि गांडूळखत एक भाग घ्यावे. बागेतील माती आणू नये, कारण वर्षानुवर्षे फवारलेल्या बोर्डो मिश्रणामुळे (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) तिच्यात तांबे साचलेले असू शकते. औषधांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी या कामाला वापरू नयेत.

बियाण्याबाबतची दक्षता सर्वांत महत्त्वाची आहे. कृषी सेवा केंद्रातील पाकिटातले गुलाबी किंवा निळ्या रंगाचे बियाणे बुरशीनाशक लावलेले असते. आठ-दहा दिवसांत कोवळेच कापून खायच्या पाल्यासाठी ते कधीही पेरू नये. किराणा दुकानातील स्वच्छ धने, मेथी, मोहरी आणि अळीव चालतात. धने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवावे आणि सेंटीमीटरभर खोल पेरावे. थंडीत उगवायला दहा-बारा दिवसही लागतात, तेव्हा ट्रे उकरून पाहण्याची घाई करू नये. मेथी रात्रभर भिजवून दाट पेरावी. अळीव मात्र भिजवू नये, कारण पाणी लागताच बियांवर बुळबुळीत थर येऊन त्यांचा गोळा होतो. कोरडेच बी ओल्या कोकोपीटवर विरळ भुरभुरावे. लाडवांसाठी आणलेल्या अळिवातले चमचाभर बी त्यासाठी पुरे होते, आणि त्याचा तिखट पाला कोशिंबिरीत उत्तम लागतो. हिवाळ्यात बाजारात पालेभाजीच्या जुड्या मुबलक असतात, हे खरे. म्हणूनच खिडकीची मर्यादित जागा पालकासारख्या जास्त लागणाऱ्या भाजीला न देता चिमूटभर, पण रोज ताज्या लागणाऱ्या पाल्याला द्यावी.

घरात रोपे पाण्याच्या कमतरतेपेक्षा अतिरेकाने जास्त मरतात. वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच सकाळी पाणी द्यावे. संध्याकाळी दिलेले पाणी थंड रात्रभर तसेच राहते आणि कोवळी रोपे बुडाशी सडून कोलमडतात. असे दिसल्यास तेवढा भाग कोकोपीटसह काढून टाकावा, पाणी थांबवावे आणि पुढची पेरणी विरळ करावी. खायच्या रोपांवर घरात रासायनिक बुरशीनाशक वापरू नये.

निफाड परिसरात पारा १० अंशांखाली उतरतो, त्या रात्री ट्रे काचेपासून आत सरकवावेत. इटालियन पदार्थांतील गोड बेसिलची पाने अशा गारठ्यात काळी पडतात, त्यामुळे त्याची नवी पेरणी फेब्रुवारीपर्यंत लांबवावी. पुदिनाही थंडीत फारसा वाढत नाही. बाजारातील जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवून मुळे फुटल्यावर कुंडीत लावाव्यात, हिवाळाभर बेताने खुडावे आणि रात्री उबदार होऊ लागल्यावर बुडालगत छाटून गांडूळखताचा पातळ थर द्यावा.