'अब्बा'वर बोलताना या चुका टाळा

प्रार्थनासभेत 'अब्बा' हा शब्द, म्हणजे येशूने देवाला मारलेली अरामी भाषेतली हाक, आला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "अब्बा म्हणजे लहान लेकराची हाक, आपलं डॅडी!" शब्बाथशाळेत मीही मुलांना हेच शिकवलंय. ऐकायला गोड आहे, पण बरोबर नाही.

ही कल्पना रुजली ती मुख्यतः योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकामुळे. शब्दाचं मूळ बाळाच्या बोबड्या बोलात आहे, असं त्यांनी मांडलं. मात्र येशू तान्ह्या मुलाच्या भाषेत देवाशी बोलला असं मानणं भाबडेपणाचं आहे, हे पुढे त्यांनीच कबूल केलं. ती कबुली कोणी वाचत नाही! १९८८ मध्ये जेम्स बार या बायबल-अभ्यासकाने तर 'अब्बा म्हणजे डॅडी' या अर्थाचा पुरता समाचार घेतला. अरामी बोलणारी मोठी, कर्ती माणसंही बापाला अब्बाच म्हणत. अब्बा शौल नावाचे एक रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, होऊन गेले. तिथे तो मानाचा शब्द आहे. शिवाय ग्रीकमध्ये लाडाचा 'पाप्पास' हा शब्द होता, तरी बायबलच्या ग्रीक नव्या करारात अब्बाचा अर्थ देताना 'पातेर', म्हणजे सरळ पिता, हाच शब्द घेतलाय.

मराठीला खरं तर डॅडीची गरजच नाही. पाच वर्षांची पोरगी 'बाबा' म्हणते आणि पन्नाशीचा मुलगाही 'बाबा'च म्हणतो. अब्बा तसाच आहे.

दुसरी चूक नव्या करारात येणाऱ्या 'अब्बा, बापा' या जोडीची. अब्बात प्रेम आणि बापात आदर, अशी फोड करून अर्धं प्रवचन उरकलेलं मी ऐकलंय. प्रत्यक्षात दुसरा शब्द पहिल्याचं भाषांतर आहे. ग्रीक बोलणाऱ्या मंडळ्यांनी मूळ अरामी हाक जपली आणि शेजारी तिचा अर्थ ठेवला. 'बापा' कानाला रांगडं वाटतं म्हणून काहीजण ते गाळतात. तेही नको, ज्ञानेश्वरांच्या अभंगांतली 'बापरखुमादेवीवरु' ही मुद्रा आठवा.

अब्बा हा उर्दूतून आलेला शब्द, असंही कोणी विचारतं. तसं नाही. अरबी 'अब' आणि अरामी 'अब्बा' एकाच सेमिटिक भाषाकुळातले, इतकंच.

येशूच्या आधी देवाला कोणी पिता म्हटलंच नव्हतं, हे वाक्यही टाळा. जुन्या करारातलं यशया ६४:८ उघडा: "तू आमचा पिता आहेस."

आणि प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, अब्बा शोधू नका. आपल्या हाती असलेल्या ग्रीक पाठात तिथे तो नाही. तो तीनच ठिकाणी सापडतो: मार्क १४:३६, रोमकरांस ८:१५, गलतीकरांस ४:६. बोलायला उभं राहण्याआधी तिन्ही वचनं सलग वाचा. पौलाच्या दोन्ही पत्रांत ती मोठ्याने मारलेली हाक आहे. मार्कमध्ये गेथशेमानेची, म्हणजे येशूच्या अटकेची, रात्र आहे, आणि अब्बा म्हणणारा येशू त्याच दमात "माझ्या इच्छेप्रमाणे नको" असंही म्हणतो.